विद्यापीठ अभिलेखपाल

विद्यापीठ अभिलेखपाल : विद्यापीठाच्या कारभारातून निर्माण होणाऱ्या कागदपत्रांपैकी कायम जतन करण्यायोग्य कागद निवडून त्यांची मांडणी, वर्णन व संरक्षण करणारा आणि ते अधिकृतपणे पाहावयास देणारा अधिकारी. सनदा, परिनियम, अधिसभा व विद्यापरिषद यांची इतिवृत्ते, पदवीधरांच्या नोंदवह्या, परीक्षांचे निकाल, अध्यापकांच्या सेवासंचिका, देणग्यांचे करार, जमिनींचे दस्तऐवज व इमारतींचे नकाशे ही त्याच्या ताब्यातील सामग्री होय. हेच काम कागद जन्मल्या क्षणापासून पाहणारा, म्हणजे कोणत्या कार्यालयाने कोणता कागद किती वर्षे ठेवावा आणि केव्हा नष्ट करावा हे ठरविणारा, तो अभिलेख व्यवस्थापक. मोठ्या विद्यापीठांत ही दोन पदे वेगळी असतात, लहान ठिकाणी एकाच व्यक्तीकडे असतात. दोन्ही कामांचा पिंड मात्र भिन्न आहे. अभिलेखपालाची दृष्टी शंभर वर्षांनंतरच्या वाचकावर असते, तर व्यवस्थापकाची उद्या सकाळी संचिका मागणाऱ्या अधिकाऱ्यावर.

ग्रंथपाल आणि अभिलेखपाल यांत गल्लत केली जाते. ग्रंथ हा छापील, अनेक प्रतींत असलेला आणि स्वतःपुरता पूर्ण असतो. अभिलेख बहुधा एकमेव असतो व त्याच्या मागच्या-पुढच्या कागदांवाचून त्याचा अर्थ लागत नाही. कुलसचिवाच्या टिप्पणीवर कुलगुरूने केवळ ‘मान्य’ असा शेरा मारलेला असेल, तर तो शेरा खालच्या सात पानांशिवाय निरर्थक ठरतो. म्हणून ग्रंथालयात ज्याप्रमाणे विषयवार वर्गीकरण करतात, तसे अभिलेखागारात करीत नाहीत. तेथे कागद ज्या कार्यालयाने निर्माण केले त्याच्याच नावाखाली आणि शक्यतो त्याने लावलेल्या क्रमाने ठेवले जातात. या उद्गमतत्त्वाची व मूळ क्रमाच्या तत्त्वाची पद्धतशीर मांडणी म्यूलर, फाइट व फ्रॉइन या तिघा डच अभिलेखपालांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत आढळते आणि आजही या व्यवसायाचा पाया तोच आहे.

पूर्वेतिहास : मध्ययुगीन यूरोपीय विद्यापीठे ही अध्यापक व विद्यार्थी यांचे संघ होते. त्यांच्याजवळ स्वतःच्या इमारती फारशा नसत. त्यांचे सामर्थ्य राजा वा पोप यांनी दिलेल्या सनदांत असे. त्यामुळे सनदांची पेटी हीच विद्यापीठाची मुख्य मालमत्ता होती. ती चर्चमध्ये, एकाहून अधिक कुलपे लावून ठेवीत आणि किल्ल्या निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे देत. ही काळजी अनाठायी नव्हती. जून १३८१ मधील इंग्लंडच्या शेतकरी उठावात केंब्रिजच्या नागरिकांनी विद्यापीठाच्या पेट्या फोडून त्यांतील सनदा व कागद भर बाजारात जाळले. मार्जरी स्टार नावाच्या एका वृद्ध स्त्रीने ती राख वाऱ्यावर उधळल्याचे नमूद आहे. जमावाला पुस्तकांचा राग नव्हता. विद्यापीठाला शहरावर मिळालेले हक्क त्या कागदांत होते. कागद गेले की हक्कही जातील, हा त्यांचा हिशोब होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता.

ऑक्सफर्डचा अनुभव याच्या उलट आहे. तेथे १० फेब्रुवारी १३५५ रोजी एका मद्यगृहातील भांडणावरून विद्यार्थी व नागरिक यांत मोठी दंगल होऊन अनेक विद्यार्थी मारले गेले. राजाने निर्णय विद्यापीठाच्या बाजूने दिला व नगरप्रमुखाने दरवर्षी त्या दिवशी प्रार्थनेला हजर राहून दंड भरावा असे ठरले. ही प्रथा १८२५ पर्यंत चालली. चारशे सत्तर वर्षे एखादी अवमानकारक अट टिकते ती आठवणीच्या बळावर नव्हे. तिचा लेख कोणीतरी सांभाळून ठेवावा लागतो व वेळ येताच पुढे करावा लागतो.

हे काम स्वतंत्र पदाकडे सोपविण्याची कल्पनाही ऑक्सफर्डमध्येच आकारास आली. १६३४ मध्ये तेथे अभिलेखरक्षक हे पद निर्माण होऊन ब्रायन ट्वाइन याची त्यावर पहिली नेमणूक झाली. ट्वाइन हा कॉर्पस ख्रिस्ती महाविद्यालयाचा अधिछात्र. ऑक्सफर्ड हे केंब्रिजहून प्राचीन आहे, असे सिद्ध करू पाहणारा त्याचा लॅटिन ग्रंथ १६०८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्या ग्रंथातील निष्कर्ष आज कोणी मानीत नाही. परंतु तो लिहिण्यासाठी त्याने ज्या चिकाटीने जुने कागद उलगडले व उतरवून घेतले, ती चिकाटी विद्यापीठाच्या उपयोगी पडली. कुलपती लॉड याच्या पुढाकाराने १६३६ मध्ये नवे परिनियम लागू झाले, त्यांच्या रचनेत ट्वाइनचा हात होता. पहिल्या चार्ल्स राजाकडून त्याच वर्षी मिळालेल्या विस्तृत सनदेसाठी जुन्या हक्कांचे पुरावेही त्यानेच जुळविले. शहराशी चाललेल्या वादांत तो विद्यापीठाचा जणू दारूगोळा पुरवीत असे. त्याच्या टिपणांवर पुढे अँटनी वुड याने ऑक्सफर्डचा इतिहास रचला. १६४४ मध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत, ट्वाइन मरण पावला.

त्याच्यानंतरच्या रक्षकांत प्रसिद्ध गणितज्ञ जॉन वॉलिस याचे नाव प्रथम घ्यावे लागेल. भूमितीचा प्राध्यापक असलेल्या वॉलिसची १६५८ मध्ये या पदावर निवड झाली तेव्हा तीवर बराच आक्षेप घेण्यात आला. तरी १७०३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, सुमारे ४५ वर्षे, त्याने ते सांभाळले. यादवी युद्धात पार्लमेंटसाठी शत्रूची सांकेतिक पत्रे उलगडणारा हा मनुष्य जुन्या हस्ताक्षरांना डगमगणारा नव्हता. त्याने कागदांची तपशीलवार सूची केली आणि ग्रंथमुद्रणाच्या हक्कावरून लंडनच्या मुद्रकसंघाशी झालेल्या वादात विद्यापीठाची बाजू कागदोपत्री उभी केली. अनंताचे परिचित चिन्ह त्याने रूढ केले हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच हाताने शेकडो चर्मपत्रांवर क्रमांक घातले, ही गोष्ट मात्र गणिताच्या इतिहासात सहसा येत नाही.

आधुनिक व्यवसायाची घडण : एकोणिसाव्या शतकात इतिहासलेखन मूळ साधनांवर आधारले जाऊ लागले आणि विद्यापीठांचे जुने कागद वकिलांच्या हातून इतिहासकारांच्या हाती आले. पॅरिस विद्यापीठाच्या मध्ययुगीन लेखांचा दनिफ्ले व शातलँ यांनी संपादिलेला संग्रह (१८८९–९७) हे या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण होय. विसाव्या शतकात मात्र प्रश्न दुर्मिळतेचा न राहता विपुलतेचा झाला. टंकलेखन यंत्र, कार्बन प्रती आणि वाढती विद्यार्थिसंख्या यांमुळे एकेका विद्यापीठात वर्षाला इतका कागद साचू लागला की, सर्व ठेवणे अशक्य झाले.

या टप्प्यावर दोन विचारप्रवाह समोरासमोर आले. इंग्लंडचे हिलरी जेन्किन्सन यांच्या मते (१९२२) अभिलेखपालाने निवड करू नये. कार्यालयाने जे स्वाभाविकपणे मागे ठेवले ते जसेच्या तसे सांभाळणे एवढेच त्याचे कर्तव्य. त्याने निवड केली की त्याची आवडनिवड पुराव्यात मिसळते. अमेरिकेचे टी. आर. शेलनबर्ग यांनी (१९५६) याला उत्तर दिले की, निवड अटळ आहे आणि ती अडाण्याने करण्यापेक्षा जाणकाराने करावी. कागदाचे कार्यालयापुरते मूल्य आणि संशोधकाच्या दृष्टीने मूल्य या भिन्न गोष्टी असून दुसऱ्याची पारख अभिलेखपालाकडे हवी, असे त्यांचे प्रतिपादन होते. व्यवहारात शेलनबर्ग यांची सरशी झाली, कारण कोठारे भरली होती. तरीही जेन्किन्सन यांची शंका निराधार ठरलेली नाही. अभिलेखपालाने काय फेकून दिले याचा अभिलेख बहुधा कोणीच पाहत नाही. कागदाला जन्म, उपयोग, निवृत्ती व अंत असे जीवनचक्र असते, ही अभिलेख व्यवस्थापनाची मध्यवर्ती कल्पना फिलिप ब्रुक्स यांनी १९४० च्या सुमारास मांडली. कालांतराने ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी, विशेषतः फ्रँक अपवर्ड यांनी, हे टप्पे कृत्रिम असून कागद एकाच वेळी कार्यालयाचा आणि इतिहासाचा असू शकतो, असे दाखविले.

अमेरिकेत १९३६ मध्ये अभिलेखपालांची संस्था स्थापन झाली. विद्यापीठांतील पदे मात्र बहुतांशी दुसऱ्या महायुद्धानंतर वाढली. इलिनॉय विद्यापीठाने १९६३ मध्ये मेनार्ड ब्रिचफर्ड यांना पहिले अभिलेखपाल नेमले व ते १९९५ पर्यंत त्या पदावर होते. त्यांनी केवळ प्रशासकीय कागद न घेता अध्यापकांचे खासगी पत्रव्यवहार, प्रयोगवह्या व विद्यार्थी संघटनांची कागदपत्रे जमविली. अभिलेखांच्या वर्णनासाठी याच विद्यापीठात तयार झालेली ‘आर्कॉन’ ही संगणकप्रणाली पुढे दुसऱ्या एका प्रणालीत विलीन होऊन ‘आर्काइव्ह्जस्पेस’ (२०१३) निर्माण झाली. ब्रिटनमध्ये लंडन व लिव्हरपूल येथील विद्यापीठांत १९४७ पासून अभिलेखशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. तेथील माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा (२०००) जानेवारी २००५ पासून अंमलात आला आणि विद्यापीठेही त्याच्या कक्षेत असल्याने अभिलेख व्यवस्थापकाला एकाएकी महत्त्व आले.

कार्यपद्धती : नव्या अभिलेखपालाचे पहिले काम पाहणीचे. प्रत्येक विभागात जाऊन कोणत्या मालिकेचे कागद आहेत, कोणत्या सालापासून आहेत, किती जागा व्यापतात आणि कोण वापरतो, हे लिहून काढावे लागते. हे काम कपाटांइतकेच माणसांशी असते. जुन्या लिपिकाला विश्वासात घेतल्याखेरीज कोणत्या कपाटाच्या मागे काय आहे ते कळत नाही आणि आपले कागद मागणारा म्हणजे आपली चौकशी करणारा, हा समज दूर होण्यास वेळ लागतो.

पाहणीवरून जतन-कालावधीची अनुसूची तयार होते. तीत प्रत्येक मालिकेपुढे ती कार्यालयात किती वर्षे राहील, मग अभिलेख कक्षात किती वर्षे आणि शेवटी नष्ट होईल की कायम ठेवली जाईल, हे लिहिलेले असते. एकूण कागदांपैकी फार थोडा, सामान्यतः शेकडा पाचांच्या आतबाहेर, भाग कायम जतनासाठी निवडला जातो. अनुसूची रूक्ष दिसते, पण तीत अनेकांचे हक्क गुंतलेले असतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे उदाहरण घेता येईल. परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार आहे, असा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात दिला. त्याच निर्णयात असेही स्पष्ट केले की, हा अधिकार नियमाने ठरलेल्या जतन-कालावधीपुरताच आहे. माहितीच्या अधिकाराखाली कागद त्याहून अधिक काळ ठेवण्याची सक्ती करता येत नाही. म्हणजे उत्तरपत्रिका तीन महिने ठेवायच्या की वर्षभर, या अनुसूचीतील एका ओळीवर विद्यार्थ्याचा हक्क किती दिवसांचा हे अवलंबून राहते. अशी ओळ परीक्षा विभागाच्या जागेच्या अडचणीवरून ठरू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

निवडीनंतर मांडणी व वर्णन येते. वर्णन आधी समग्र निधीचे, मग मालिकेचे, मग संचिकेचे असे वरून खाली करीत जातात. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेने यासाठी १९९४ मध्ये प्रमाणके ठरवून दिली. सुट्या कागदापर्यंत सूची नेण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्यात एक संग्रह देखणा होतो व उरलेले नव्वद गठ्ठे तसेच पडून राहतात.

जतनाच्या बाबतीत भारतीय हवामान हा मोठा शत्रू होय. अभिलेख कोठारात तापमान २२° ते २५° से. आणि सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी असे मानतात. मुंबईच्या पावसाळ्यात यंत्रांशिवाय हे साधत नाही. मात्र यंत्रे दिवसा चालवून रात्री बंद ठेवल्यास होणारा चढउतार कागदाला सततच्या दमटपणाहून अधिक बाधतो. वाळवी, कसर, आम्लयुक्त कागद आणि लोहयुक्त शाईने पडणारी छिद्रे ही नेहमीची दुखणी. जीर्ण कागदावर सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा व तलम कागद ठेवून ॲसिटोनच्या बोळ्याने तो चिकटविण्याची, यंत्राविना करता येणारी रीत दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९५० नंतरच्या दशकात विकसित झाली व इतर देशांतही गेली. आता असे आवरण सहजी काढता येत नसल्याने पिठाची खळ व जपानी तलम कागद यांना पसंती देतात. दुरुस्ती अशी असावी की, पुढील पिढीला ती उलगडता यावी.

कागद कोणाला दाखवावा हा या व्यवसायातील सर्वांत नाजूक प्रश्न. विद्यार्थ्याचे गुण, वैद्यकीय दाखले, शिस्तभंगाच्या चौकशा या गोष्टी खासगी आहेत. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपली नोंद पाहण्याचा हक्क मिळाला आणि त्याच्या संमतीवाचून ती इतरांना दाखविण्यावर बंधने आली. परंतु काळ लोटल्यावर हीच संचिका इतिहासाचे साधन होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शिक्षणाविषयी आज जी नेमकी माहिती आहे, ती मुख्यतः अशाच नोंदींमुळे. कोलंबिया विद्यापीठाच्या नोंदींवरून त्यांनी तेथे अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ व तत्त्वज्ञानाचे ५ अभ्यासक्रम घेतल्याचे दिसते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभिलेखागारात त्यांची विद्यार्थी-संचिका असून प्रा. सेलिग्मन यांनी त्यांची शिफारस करण्यासाठी प्रा. फॉक्सवेल यांना लिहिलेले पत्रही जतन झाले आहे. १९१६ मध्ये कोणत्याही लिपिकाला या विद्यार्थ्याचे पुढे काय होणार हे ठाऊक असणे शक्य नव्हते. ‘केवळ नामवंतांच्या संचिका ठेवाव्या’ हा पुष्कळदा सुचविला जाणारा काटकसरीचा उपाय म्हणूनच फसवा आहे.

अभिलेखांतील मौन : विद्यापीठाचे कागद विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी लिहिलेले असतात, त्यामुळे त्यांत विद्यार्थी हा क्रमांक म्हणून आणि शिपाई वा सफाई कामगार वेतनपत्रकापुरता येतो. अभिलेखागारे सत्ताधाऱ्यांच्याच खुणा जपतात, अशी टीका इतिहासकार हॉवर्ड झिन यांनी १९७० मध्ये अमेरिकन अभिलेखपालांसमोर केली, तेव्हा सभेत बरीच खळबळ झाली. हेलन सॅम्युएल्स यांनी १९९२ मध्ये यावर एक व्यवहार्य वाट दाखविली. विभागांची यादी घेऊन न बसता पदवी देणे, ज्ञान देणे, सामाजिक घडण, संशोधन, संस्था टिकविणे, लोकसेवा व संस्कृतिसंवर्धन या विद्यापीठाच्या सात कार्यांवरून शोध घ्यावा. ज्या कार्याचा कागद आपोआप निर्माण होत नाही, तेथे मुलाखती, छायाचित्रे व विद्यार्थ्यांची हस्तपत्रके मिळवावीत, असे त्यांचे म्हणणे आहे.

काही वेळा मात्र अप्रिय सत्य अधिकाऱ्यांच्याच कागदांत स्वच्छ लिहिलेले असते. अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठ चालविणाऱ्या जेझुइट संघाने १८३८ मध्ये २७२ गुलाम स्त्री-पुरुष व मुले लुइझिआनातील मळेवाल्यांना विकली आणि त्या पैशाचा काही भाग विद्यापीठाचे कर्ज फेडण्याकडे वळविला. विक्रीचा करार व माणसांची नावनिशीवार यादी विद्यापीठात ठेवलेल्या संघाच्या अभिलेखांत होती. इतिहासकारांना ती ठाऊक होती. २०१५-१६ मध्ये विद्यापीठाने चौकशी समिती नेमल्यावर ती सर्वांपुढे आली आणि अनेक कुटुंबांना आपल्या पूर्वजांची नावे प्रथमच समजली. संस्थेच्या लौकिकाला बाधक म्हणून ही यादी मधल्या पावणेदोनशे वर्षांत कोणी काढून टाकली असती, तर या कुटुंबांना शोधण्याचा मार्ग उरला नसता.

भारतातील स्थिती : कलकत्ता, मुंबई व मद्रास ही विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. ती प्रारंभी शिकवीत नसत. परीक्षा घेऊन पदव्या देत. भारतीय विद्यापीठांच्या अभिलेखांचे स्वरूप या एका गोष्टीने ठरले आहे. अध्यापनाचे कागद महाविद्यालयांत विखुरले आणि विद्यापीठाकडे मुख्यतः निकालांच्या नोंदवह्या व सभांची इतिवृत्ते राहिली. मुंबई विद्यापीठाची बी. ए. परीक्षा १८६२ मध्ये प्रथमच उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे होते. ही नावे विद्यापीठाच्या छापील वार्षिक दर्शिकांतून सर्वत्र पोहोचली आहेत. दर्शिका छापल्या म्हणजे अभिलेख राखले असा समज त्यामुळे रूढ झाला असावा. प्रत्यक्षात दर्शिकेत निर्णय असतो. त्यामागचा वाद, मतभेद व माघार मूळ संचिकेतच सापडते.

निकालाची नोंद किती काळानंतर कामी येईल याचा नेम नसतो. कलकत्ता विद्यापीठाच्या ६ फेब्रुवारी १९३२ च्या पदवीदान समारंभात बीना दास यांनी कुलपती व बंगालचे गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांची व क्रांतिकारक प्रीतिलता वड्डेदार यांची पदवी ब्रिटिश अमदानीत रोखून धरण्यात आली. ती विद्यापीठाने २०१२ मध्ये, म्हणजे ऐंशी वर्षांनी, मरणोत्तर प्रदान केली. अशा निर्णयाला भावनेची जोड असली, तरी त्याचा आधार उत्तीर्ण झाल्याची नोंद हाच असू शकतो.

कायद्याच्या दृष्टीने केंद्र शासन व त्याच्या नियंत्रणाखालील संस्था यांना सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ लागू आहे. त्यानुसार प्रत्येक कार्यालयात अभिलेख अधिकारी नेमावा लागतो, १८९२ पूर्वीचा कागद सामान्यतः नष्ट करता येत नाही आणि बेकायदा विल्हेवाटीस पाच वर्षांपर्यंत कैद वा दहा हजार रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. महाराष्ट्राने २००५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. याहून अधिक परिणाम माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचा झाला. त्याच्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचे बंधन घातले. ‘संचिका आढळून येत नाही’ हे उत्तर माहिती नाकारण्यास पुरेसे नसून तिचा कसून शोध घेतला पाहिजे आणि जबाबदारी निश्चित केली पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले.

महाराष्ट्राला दप्तराची परंपरा नवी नाही. पेशवे दप्तरातील रुमाल हे मराठ्यांच्या इतिहासाचे अव्वल साधन आहे आणि शासकीय कार्यालयांतील अ, ब, क, ड ही कागदांची वर्गवारी व सहा गठ्ठे पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्या पद्धतीत नष्ट करावयाच्या कागदांचा गठ्ठाही वेगळा ठेवलेला असतो, ही तिच्यातील शहाणपणाची खूण. १९८० नंतरच्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन मांडणी व अभिलेख यांत केलेल्या सुधारणा ‘लखिना पद्धत’ म्हणून ओळखल्या जातात. विद्यापीठांत या शिस्तीचा प्रभाव कमीच दिसतो. त्यांची रचना महसुली नाही. विभागप्रमुख दर काही वर्षांनी बदलतात, अधिष्ठाता निवृत्त होताना संचिका घरी नेतात आणि समित्यांचे कागद निमंत्रकाच्या खणात राहतात. मराठीत ‘दप्तरी दाखल करणे’ याचा अर्थ प्रकरण मिटविणे असा झाला आहे, यातच पुष्कळ आले.

काही शिक्षणसंस्थांनी उल्लेखनीय संग्रहालये उभारली आहेत. विश्वभारतीचे रवींद्रभवन (१९४२), जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील पी. सी. जोशी समकालीन इतिहास अभिलेखागार, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील होमी भाभा यांची कागदपत्रे आणि बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील, २०१९ मध्ये खुले झालेले अभिलेखागार ही त्यांतील काही. यांतील बरेचसे संग्रह थोर व्यक्ती, चळवळी वा विज्ञानाचा इतिहास यांचे आहेत. विद्यापीठाच्या स्वतःच्या कारभाराचे कागद पद्धतशीरपणे स्वीकारणारे व संशोधकांना खुले करणारे अभिलेखागार अद्याप विरळाच आढळते. प्रशिक्षणासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेखविद्या प्रशाळेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. तो पूर्ण करणाऱ्यांना विद्यापीठांत नोकरी मिळणे मात्र कठीण, कारण मंजूर पदांच्या यादीत हे पद बहुधा नसते. काम अभिलेख कक्षाच्या लिपिकाकडे असते आणि त्या कक्षातील बदली ही अनेक ठिकाणी शिक्षा मानली जाते. पद निर्माण झाले, तरी ते ग्रंथालयाच्या अधीन असावे की कुलसचिवाच्या, हा वाद राहतोच. ग्रंथालयात संशोधक भेटतात, पण कार्यालये कागद पाठवीत नाहीत. कुलसचिवाकडे कागद येतात, पण अभिलेखपालाला दाखल्यांच्या पडताळणीखेरीज दुसरे काही करण्यास वेळ उरत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते पद कुलसचिवाच्या अधिकारात व वाचनकक्ष ग्रंथालयात ही विभागणी त्यातल्या त्यात सोयीची.

इलेक्ट्रॉनिक अभिलेख : एकविसाव्या शतकात निर्णय ई-पत्रांतून व गुण संगणकीय कोशातून राहू लागले. कागद दुर्लक्षिला तरी पन्नास वर्षे टिकतो. संगणकीय नोंद मात्र दुर्लक्षाने काही वर्षांत वाचण्यापलीकडे जाते. म्हणून स्थिर स्वरूपात रूपांतर, एकाहून अधिक ठिकाणी प्रती आणि नोंदीत फेरफार झाला नाही हे दाखविणारी अंकमुद्रा यांची नियमित तपासणी करावी लागते. अभिलेख व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक २००१ मध्ये आले व २०१६ मध्ये सुधारले गेले. भारतात २०१७ पासून राष्ट्रीय शैक्षणिक भांडारात पदव्या व गुणपत्रिका इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवल्या जात आहेत, त्यामुळे बनावट प्रमाणपत्रांची पडताळणी सुकर झाली आहे. तथापि भांडारात अंतिम प्रमाणपत्र असते. गुण केव्हा बदलले, पुनर्मूल्यांकनात किती वाढले, कोणाच्या आदेशाने निकाल राखून ठेवला, हा इतिहास परीक्षा विभागाच्या मूळ कोशात राहतो आणि नवा आकडा भरताच जुना पुसला जाईल अशी त्या कोशाची रचना असल्यास तो तेथेही उरत नाही. परीक्षेचे काम बाहेरच्या कंपनीकडे सोपविले असल्यास कराराची मुदत संपताना हा कोश कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत व कोणाच्या ताब्यात परत यावा, याचे कलम करारातच घालावे लागते. हे कलम लिहिण्याच्या वेळी अभिलेखपालाला बोलाविले जाते असे क्वचितच घडते. कोश उघडत नाही असे आढळून आल्यावर मात्र त्याचा शोध सुरू होतो.